निरोपातलं गाळलेलं नाव

वॉर्सा, ३ ऑक्टोबर

लुत्सिना,

फाडण्याआधी एवढं वाच की मी माफी मागायला लिहीत नाहीये. तू माझा नंबर बंद केलास, ठीक आहे. नॉर्वेतल्या पोस्टमनला बंद करणं जरा अवघड जाईल. पत्ता ब्रोंका मावशीने दिला, आणि देताना बजावलं की मी दिला म्हणून सांगू नकोस. आता तुला कळलंच.

बातमी अशी, की ओस्त्रोवेंकाच्या सांस्कृतिक भवनाने मला गायला बोलावलंय. बावीस नोव्हेंबर, संत सेसिलियाचा दिवस. गाणाऱ्यांची संत ती, त्यामुळे त्या दिवशी कार्यक्रम केल्याशिवाय कोणाला चैन पडत नाही. मी अजून होकार दिलेला नाही, विचार करतेय. आपलं गाव तिथून अर्ध्या तासावर. म्हणजे अर्धं गाव येणार, आणि उरलेलं अर्धं दुसऱ्या दिवशी जे आले त्यांच्याकडून ऐकणार.

तुझा राग त्या एका गाण्यावर आहे, हे मला ठाऊक आहे. तू मावशीला म्हणालीस म्हणे, बोग्नाने आईला चव्हाट्यावर मांडलं. लुत्सिना, ते गाणं आईबद्दल नाही. अख्ख्या रेकॉर्डवर 'आई' हा शब्द कुठे नाही, हवं तर पुन्हा ऐक. ते एका नावाबद्दल आहे, आणि ते नाव माझं आहे, म्हणजे त्याचं काय करायचं ते मी ठरवणार.

इकडे मुलाखतींत मला दर वेळी समजावून सांगावं लागतं. आमच्या कुर्पी भागात माणूस गेला की घरातून उचलण्याआधी त्याच्या वतीने निरोप गातात. मुख्य गाणारी बाई गेलेल्याच्या तोंडाने गाते: निघतो आता, बायको, निघतो, लेकी, निघतो, शेजाऱ्या. एकेकाचं नाव घेऊन, मानाच्या क्रमाने. मग उंबरा, गुरंढोरं. मुलाखत घेणाऱ्याचे डोळे ओले होतात आणि तो विचारतो, "तुमच्या वडिलांच्या वेळी कसं झालं?" मग मी पाणी मागते.

तू तर तिथेच होतीस. तुझ्या काळ्या कोटाची बाही माझ्या बाहीला लागलेली. आई बाबांच्या तोंडाने गात होती, तो तिचा उघडा गळा, शेताच्या त्या टोकाला ऐकू जाणारा. आधी स्वतःचाच निरोप घेतला तिने, 'निघतो, तेओफिला', आणि चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. मग तुझं नाव. मग एकदम ब्रोंका मावशी. मग शेजारी, उंबरा, गाय, आणि शेवटी मधमाश्या: 'निघतो, माश्यांनो, तुमचं मी पुष्कळ खाल्लं.' माश्यांना निरोप मिळाला, लुत्सिना. मला नाही. साऱ्या गावाने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. तू तेवढी समोर बघत राहिलीस.

जेवणाच्या वेळी मी तिच्या जवळ गेले आणि विचारलं, "आई, माझं नाव?" ती म्हणाली, "सूप गार होतंय."

गावाचं एकमत झालं. पोरीने आईची गाणी शहरात नेली, दारू पिणाऱ्यांपुढे पियानोबरोबर वाजवली, म्हणून आईने तिला चारचौघांत टाकली. तूही विमानतळावर तेच म्हणालीस: तूच ओढवून घेतलंस. म्हणालीस की नाही?

बोग्ना


वॉर्सा, १७ ऑक्टोबर

लुत्सिना,

तुझा निरोप पोचला. 'तिला सांग, जगात कुठेही गा, गावाकडे गाऊ नकोस.' मावशीने तुझा आवाज काढून म्हणून दाखवला, आणि काय सांगू, हुबेहूब. फेब्रुवारीपासून तुझ्यामाझ्यात झालेलं हे पहिलं बोलणं, तेही मावशीच्या तोंडून.

आधी एक दुरुस्ती. मागच्या पत्रात मी विचार करतेय असं लिहिलं होतं. विचार वगैरे काही नव्हता. त्याच्या आधीच सही करून झाली होती. पोस्टर लागलीत. माझा तो फोटो, ज्यात मी कोणाचा तरी खून करून आल्यासारखी दिसते, आता ओस्त्रोवेंकाच्या बसस्टँडवर आहे. आई बाजाराला जाते तेव्हा त्याच्यासमोरून जात असणार.

तू विचारशील, तिथेच कशाला? बाहेर टाळ्या मिळतात तेवढ्या पुरत नाहीत का? नाही पुरत. बर्लिनच्या लोकांनी माझ्याकडे मान वळवून पाहिलं नव्हतं. ज्यांनी पाहिलं त्यांना मला ऐकवायचंय. तिकडे नॉर्वेत बसून उंटावरून शेळ्या हाकणं सोपं आहे. ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

आज तालीम होती. ओल्गेर्द आमचा पियानोवाला, पोझनानच्या वकिलाचा मुलगा, बुटाला पॉलिश केल्याशिवाय पियानोला हात लावत नाही. त्याचं आणि माझं भांडण रोजचं. गाणं तुला माहीत आहे. सुरुवात माझी, माझ्या शब्दांत: वॉर्साचं स्वयंपाकघर, भिंतीवरून उतरवलेला लग्नाचा फोटो, आणि बाबांनी माझ्या हातात पहिल्यांदा दिलेलं मधमाश्यांच्या पोळ्याला धूर द्यायचं भांडं. मग ढोल तीन मात्रांवर येतो, आपल्या गावच्या नाचाचा, आणि त्याच्यावर निरोप सुरू होतो. बायको, थोरली लेक. मग जिथे धाकटी यायची तिथे सगळे थांबतो. एक अख्खी ओळ कोणीच काही वाजवत नाही, गात नाही. मग मावशी, उंबरा, माश्या.

ओल्गेर्दला ती गप्प जागा सोसत नाही. म्हणतो, "दोनच सूर टाकू दे, बोग्ना. लोकांना वाटतं पियानोवाला झोपला." मी म्हटलं, झोप, पण हात मांडीवर ठेवून झोप. गंमत अशी की शहरात लोक नेमके त्या जागी टाळ्या वाजवतात. त्यांना वाटतं गाणं संपलं. एकाने तर वर्तमानपत्रात लिहिलं, 'धीट शांतता'. त्या बिचाऱ्याला काय माहीत, त्या शांततेत कोण उभं आहे ते.

ओस्त्रोवेंकात कोणी टाळी वाजवणार नाही. तिथे प्रत्येकाला माहीत आहे.

बोग्ना


वॉर्सा, २ नोव्हेंबर

लुत्सिना,

काल सगळ्या संतांचा दिवस. गावी जाऊन आले. तू पाठवलेली शेवंतीची कुंडी बाबांच्या थडग्यावर, डोक्याशी ठेवलेली होती, सगळ्यांत मोठी. लांबून प्रेम करणाऱ्यांच्या कुंड्या नेहमी मोठ्याच असतात. हे खोडणार होते, राहू दे.

आई थडग्याच्या त्या बाजूला, मी या बाजूला, मध्ये मेणबत्त्या. मला वाटलं होतं ती मला बघून दुसऱ्या वाटेने निघून जाईल. नाही गेली. मग मी लावलेल्या मेणबत्तीकडे बघून म्हणाली, "वात लांब आहे. काजळी धरेल." वाकली, जळती वात नखाने तोडली आणि बोट स्कर्टला पुसलं. वाळलीय ती, लुत्सिना. वाकताना दगडाचा आधार घेते.

मी म्हटलं, "आई, मी बावीसला येतेय."

"ठाऊक आहे," ती म्हणाली. "आम्ही आधी गाणार आहोत."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. मग कळलं की भवनाच्या संचालकांनी कार्यक्रमाची सुरुवात करायला आईला आणि तिच्याबरोबर गाणाऱ्या बायकांना बोलावलंय. लेक आणि आई एकाच मंचावर, वर्तमानपत्रवाल्यांची सोय. आणि ती हो म्हणाली. जिला मी मंचावर गाते याची लाज वाटायची, ती हो म्हणाली.

मावशीला घरी सोडायला गाडीत घेतलं आणि तिच्या मागेच लागले. आई का येतेय? काय करणार आहे? मावशी म्हणे, मला काय माहीत, तेओफिलाच्या पोटात शिरून कोणी बघितलंय. मग म्हटलं, निदान एवढं सांग, त्या दिवशी चुकून राहिलं असेल का? माणूस आहे, नवरा समोर शवपेटीत आहे, राहू शकतं एखादं नाव.

मावशी उसळलीच. "चुकून? तुझी आई? तुमचं शहरात बरं असतं, बिघडलं की पुन्हा रेकॉर्ड करायचं. आमच्याकडे गाता गाता आवाज फुटून निरोप मोडला की पहिल्या ओळीपासून घ्यावा लागतो, आणि तोवर पेटी उचलत नाहीत. गेलेला माणूस उंबऱ्यात अडकतो. यादविगाही निरोप गायची, तिचा एकदा मोडला, तर आजतागायत तिला कोणी बोलावत नाही. तुझ्या आईचा कधी मोडला नाही. कधी एक शब्द इकडचा तिकडे नाही. म्हणून तर सात गावांतून तिला घ्यायला गाडी येते."

म्हणजे चुकून राहिलं असं म्हणायचीही सोय उरली नाही. ठरवून गाळलं. दुसरा अर्थ असेल तर तूच सांग.

बोग्ना


वॉर्सा, १५ नोव्हेंबर

लुत्सिना,

या वेळी मावशीच्या तोंडून नाही, स्वतःच्या हाताने लिहिलंस, म्हणून आधी त्याचे आभार. पोस्टकार्डावर बोटीचं चित्र आणि मागे: 'आईचा रक्तदाब वाढलेला आहे. त्या हॉलमध्ये तिला काही झालं तर मला बहीण नाही.' बोट छान आहे.

ऐक. काल मी ओल्गेर्दला सांगितलं, यादीतून ते गाणं काढ. त्याने पियानोचं झाकण बंद केलं. म्हणाला, लोक त्यासाठीच येतायत. मी म्हटलं, मग दुसरं काही ऐकून जातील. तुझ्या पोस्टकार्डामुळे काढलं असं समजून खूश होऊ नकोस. माझ्या भीतीमुळे काढलं.

पहिल्या पत्रात मी लिहिलं होतं की गाणं आईबद्दल नाही. ते सोड. पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत ते तिच्याबद्दलच आहे. मी ते लिहिलं तेव्हा तिला लागावं म्हणूनच लिहिलं, आणि त्याचा मला अजून पश्चात्ताप होत नाही. पण लागावं ते लांबून. ती स्वयंपाकघरात, रेडिओवर लागलंय, तिने भांडं ठेवलं आणि ऐकलं, असं काहीतरी माझ्या डोळ्यांसमोर होतं. ती समोरच्या रांगेत, हे नव्हतं.

मला कशाची भीती वाटते सांगू? ती ओरडेल याची नाही. त्या गप्प जागेत ती उठेल, कोट सारखा करेल आणि निघून जाईल. शब्द न बोलता. चारचौघांत एकदा झालं, त्याला मी नऊ महिने काहीतरी कारणं देत राहिले: थकली असेल, रागावली असेल, बाबा गेले होते. दुसऱ्यांदा झालं तर कारण उरणार नाही. मग मला आई नाही, एवढंच उरेल. बहीण नाही हे तर तू कळवलंच आहेस.

म्हणून गाणं काढलं. आता सुखाने झोप.

बोग्ना


ओस्त्रोवेंका, २३ नोव्हेंबर

लुत्सिना,

आईची तब्येत ठीक आहे. हे पहिल्यांदा लिहिते, म्हणजे तुझ्या हातातली पत्राची कड सुटेल. मावशीने काल तुला फोन करून काय काय सांगितलं असेल देव जाणे. तिचं ऐकून विश्वास ठेवू नकोस, ती मध्यंतरानंतर सारखी रडतच होती.

हॉल भरला होता. लोक भिंतीला टेकून उभे. आई आणि तिच्या तीन बायका, पट्ट्यापट्ट्यांचे स्कर्ट, पिवळ्या मण्यांच्या माळा. माइक पुढे आणला तर आईने हाताने बाजूला केला. गायल्या ती पेरणीची आणि लग्नाची गाणी, सरळ, उघड्या गळ्याने. ओल्गेर्द पडद्याआड माझ्याजवळ उभा होता. त्याने आपल्या बुटांकडे बघणं सोडून दिलं होतं.

उतरताना आई माझ्यासमोर आली. जिना अरुंद, एकीने सरकल्याशिवाय दुसरीला जाता येत नाही. ती थांबली. म्हणाली, "ते गाणं घेणार ना?"

मी म्हटलं, नाही, आज नाही घेत.

"सगळ्यांनी ऐकलं," ती म्हणाली. "मी नाही ऐकलं. लोक मला येऊन सांगतात, तुझ्या लेकीने असं केलं, तसं केलं. मला ऐकायचंय."

"आई, नको."

"घे," ती म्हणाली, आणि खाली जाऊन पहिल्या रांगेत बसली. कोट घातलेलाच, बटणं लावलेली. निघायच्या तयारीतली बाई कशी बसते तशी.

बाकीची गाणी मी कशी गायले मला आठवत नाही. शेवटी ओल्गेर्दकडे बघून मान हलवली. त्याने ओठांनी विचारलं, ते? मी म्हटलं, ते.

वॉर्साचं स्वयंपाकघर, फोटो, धुराचं भांडं. ढोल आला आणि हॉलमधली कुजबुज थांबली. चाल ओळखली त्यांनी. 'निघतो, तेओफिला.' ती माझ्याकडे बघत होती, पापणी न हलवता. 'निघतो, लुत्सिना, थोरल्या लेकी.' आणि मग आम्ही थांबलो.

लुत्सिना, असली शांतता मी कुठल्या मंचावर ऐकली नाही. कोणी खोकलंसुद्धा नाही. आई उठली. मला वाटलं, झालं, आता कोट सारखा करेल. तिने मावशीच्या खांद्यावर हात ठेवला, तोंड उघडलं आणि गायली. बाबांच्या तोंडाने, त्याच चालीत, त्या रिकाम्या ओळीत: "निघतो, बोग्ना, माझ्या धाकट्या..."

आणि आवाज मोडला. 'धाकट्या'वर. फाटला अक्षरशः, वाळलेल्या फांदीसारखा. आपल्या आईचा आवाज, सात गावांसमोर.

यादविगा तिसऱ्या रांगेत होती, तिने तोंडावर हात धरला. आईने एकदा घसा खाकरला आणि माझ्याकडे बघून, नेहमीच्या आवाजात, कणीक मळायला सांगावी तशी म्हणाली, "मोडलं. पहिल्यापासून घे."

ओल्गेर्दला काही कळलं नाही, पण त्याने हात मांडीवर ठेवले, देव त्याचं भलं करो. मी पहिल्यापासून घेतलं. माझे शब्द नाही, नुसता निरोप, पियानो नाही, ढोल नाही. आई खालून गात होती, मी वरून. बायको, थोरली लेक. मी माझ्या नावाशी थांबले, ते मला कसं घेता येईल? ती एकटी पुढे गेली आणि त्याच जागी पुन्हा मोडली. तिने मान हलवली, पहिल्यापासून. पुन्हा घेतलं. तिसऱ्यांदा ती माझ्या नावापाशी आली आणि तिने नुसतं तोंड उघडलं, आवाज आलाच नाही. तेव्हा तिच्या तीन बायकांनी नाव घेतलं. त्यांच्यामागून यादविगाने. मग हॉलमधल्या त्या सगळ्यांनी, ज्यांनी फेब्रुवारीत मान वळवून माझ्याकडे पाहिलं होतं. 'निघतो, बोग्ना, माझ्या धाकट्या लेकी.' मग मावशी, शेजारी, उंबरा, गाय, आणि माश्यांपर्यंत सगळं सुरळीत गेलं. टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत. लोक उठले आणि आपापल्या टोप्या शोधायला लागले, घरातून पेटी निघाल्यावर करतात तसं.

नंतर मी आईला गाडीपर्यंत सोडायला गेले. पाय ओढत चालत होती. गाडीत बसल्यावर सरळ समोरच्या काचेकडे बघत म्हणाली, "त्या दिवशीही असंच झालं असतं. तुझ्या बापाला मी उंबऱ्यात अडकवून ठेवलं असतं. म्हणून तुला गाळलं."

मी म्हटलं, "मग सांगायचं होतंस. नऊ महिने, आई. गावाला काय वाटलं, मला काय वाटलं."

"काय सांगणार होते? तेओफिलाला गाता येत नाही म्हणून?"

मला राग आला, लुत्सिना. रडू येण्याआधी राग आला, तिचा तो मान, तो गळा, ते सात गावांतलं नाव, आणि त्याच्यापायी मी. मी ते तिला तोंडावर म्हटलं. ती ऐकून घेत होती. तिने कधी माझं असं ऐकून घेतलेलं नाही.

मग माझ्या मनात एक वाईट विचार आला आणि तोही मी बोलून टाकला. म्हटलं, "लुत्सिनाच्या नावावर नाही मोडला तो आवाज. तिचं नाव तर खणखणीत घेतलंस."

आईने सीटचा पट्टा ओढला. तो लागेना, मी वाकून लावून दिला. मग ती म्हणाली, "ती आधी आली ना. तिच्या नावाला होता नव्हता तेवढा गळा लावला. तुझ्यासाठी उरलाच नाही."

हे तुला तिने कधीच सांगितलं नसतं. म्हणून मी कळवते आहे.

बोग्ना